‘आमचंच कॉलेज का?’ या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

इचलकरंजीहून बारावीतल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. वडील खर्चीवाले यंत्रमागधारक. व्यापाऱ्याची बीमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) घ्यायची आणि मजुरीवर कापड विणून द्यायचं. मुलीला टेक्सटाइल शिकायला अमेरिकेला जायचं आहे. यादीत पहिलं नाव रॉली इथल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचं. अर्जात साधारण अडीचशे शब्दांत सांगायचं आहे की हा विषय का, आणि तो आमच्याकडेच का. ती लिहिते: ‘माझा प्रत्येक खर्डा “लहानपणापासून माझं स्वप्न होतं” असा सुरू होतो आणि ते खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी मी या कॉलेजचं नावही ऐकलं नव्हतं. खरं कारण म्हणजे मावशी तिथून जवळ, केरीला राहते, म्हणून घरचे पाठवायला तयार आहेत. पप्पांनी पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत पैसे भरलेत. त्यांनी नमुना निबंध पाठवलाय. इंग्रजी फार छान आहे, पण माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या कॉलेजसाठी जवळजवळ तोच आलाय. सगळे विचारतात, गावात डीकेटीईचं टेक्सटाइल कॉलेज असताना तिकडं कशाला? मला उत्तर देता येत नाही. जे कॉलेज पाहिलंही नाही त्याच्यावर प्रेम आहे असं कसं लिहू? की नमुनाच थोडा बदलून देऊ? माझा एक खर्डा सोबत जोडलाय. (अकरावीच्या प्रोजेक्टसाठी मी काळ्या ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरून गच्चीवर ठेवायचे, ते आधीच्या एका खर्ड्यात लिहिलं होतं. पण कन्सल्टन्सीतल्या मॅडम म्हणाल्या त्यात काही दम नाही.)’

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात जिवंत वाक्य तू कंसात टाकलंस. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुझा मूळ प्रश्न.

न पाहिलेल्या कॉलेजवर प्रेम आहे असं लिहू नकोस. ते कुणी मागितलेलंच नाही. ‘आमचंच कॉलेज का’ हा प्रश्न तुला ‘आम्ही तुला किती आवडतो’ असा ऐकू आला. तुझ्या वयाच्या बहुतेक मुलामुलींना तो तसाच ऐकू येतो, कारण निबंध म्हणजे ज्याच्यावर लिहायचं त्याचं गुणगान, ही सवय आपल्याला ‘माझी शाळा’पासून लागलेली असते. अर्ज वाचणाऱ्याला स्वतःचं विद्यापीठ चांगलं माहीत असतं. ते किती जुनं, किती नामांकित, हे त्याला तुझ्याकडून कळायचं नाहीये. त्याला कळून घ्यायचं असतं की हिने आमच्याकडे नीट पाहिलंय का, आणि इथं आल्यावर ही करणार काय.

तू जोडलेला खर्डा वाचताना मला चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवला. फोटो आणि नाव बदललं की तोच मजकूर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नेत्याला चालतो. तुझ्या खर्ड्यात ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक’ आहेत, ‘अत्याधुनिक प्रयोगशाळा’ आहेत, ‘विविधतेने नटलेला कॅम्पस’ आहे. विद्यापीठाचं नाव झाकून दुसरं कुठलंही घालून बघ, एक शब्द हलवावा लागत नाही. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लाव. नाव बदलूनही जे वाक्य उभं राहतं ते काढून टाक. असं केल्यावर तुझ्या खर्ड्यात सध्या काही उरत नाही, हे तुलाही कळलंय, म्हणून तर तू पत्र लिहिलंस.

आता बाटल्या. मी मेल करून आणखी विचारलं तेव्हा तू जे कळवलंस ते वाचकांसाठी सांगते. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, त्यांत ओढ्याचं पाणी, वर चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख. गच्चीच्या कठड्यावर सगळ्या ओळीनं उभ्या. वहीत पाण्याच्या रंगाची नोंद, तीही तुझ्याच शब्दांत: राणी, मोरपंखी, शेवाळी, एकदा ‘पातळ चहा’. उन्हानं काही बाटल्यांचा रंग आठवड्यात उडाला. एक निळी मात्र पावसाळा आला तरी निळीच राहिली, आणि तिच्यापुढं तू लिहिलंस, ‘हिचा का गेला नाही?’

यात दम नाही असं त्या मॅडमना का वाटलं असेल ते मी समजू शकते. त्यांच्या टेबलावर ऑलिम्पियाडची पदकं आणि संस्थांची प्रशस्तिपत्रं येतात. पण माझं मत त्यांच्या अगदी उलट आहे. पावसाळ्यापर्यंत वाट पाहायला तुला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला मार्क नव्हते, तरी तू बाटल्या उन्हात ठेवून वाट पाहिलीस. आणि तो प्रश्न पोरकट नाही. सुती कापडाला रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंधानं जुळणारे, रंग देताना मीठ भरपूर लागतं, आणि तरीही रंगाचा काही हिस्सा धाग्याशी न जुळता पाण्याशीच अभिक्रिया करून मोकळा होतो आणि प्रोसेसच्या (कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या) सांडपाण्यात जातो. उन्हात आणि धुण्यात टिकावा म्हणून जो रंग मुद्दाम तसा घडवलेला असतो, तो ओढ्यात गेल्यावरही तितक्याच चिवटपणे टिकतो. कापडावर जो गुण, तोच नदीत दोष. तुमचा काळा ओढा पंचगंगेला मिळतो आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला. त्या निळ्या बाटलीमागं जे रसायनशास्त्र आहे त्यावर लोक अख्खं आयुष्य काम करतात.

म्हणजे लिहायला तुझ्याकडे भरपूर आहे. अडलंय ते दुसरीकडं. हा प्रश्न घेऊन तू रॉलीकडे अजून बघितलेलंच नाहीस. मावशी केरीला, म्हणून रॉली, म्हणून टेक्सटाइल, असा तुझा रस्ता झालाय. तो उलटा चालून बघ. निळी बाटली, मग रंगाचं रसायन, आणि हे शिकायला कुठं जावं?

तसं विचारलंस की ‘गावात डीकेटीई असताना तिकडं कशाला’ हा टोमणा राहत नाही. विद्यापीठानं अर्जात विचारलंय तेही हेच. आणि हा प्रश्न रास्त आहे. डीकेटीई १९८२ पासून तुमच्या गावात उभी आहे, गावाच्या धंद्यातूनच उभी राहिलेली. मुंबईत माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, आहे. १९३३ मध्ये ती सुरू झाली तेव्हापासून तिथं वस्त्ररसायन शिकवलं जातंय, आणि रंगांच्या रसायनात तिचं नाव देशात फार मोठं आहे. घरापासून पाच मिनिटांवर एक पर्याय आणि रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येईल असा दुसरा असताना समुद्रापलीकडं जायचं, तर त्याला कारण हवं. वहीचं एक पान घे, तिन्ही ठिकाणांचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी मांड आणि तुझ्या प्रश्नाला कुठं काय मिळतंय ते बघ. विषयांची नावं लिही, कोणत्या वर्षाला कोणता विषय येतो तेही लिही. दोन संध्याकाळी जातील. कन्सल्टन्सीच्या सगळ्या बैठकांपेक्षा त्या जास्त उपयोगी ठरतील असं मला वाटतं.

मी काय पाहिलंय तेवढं सांगते, पुढचं तू शोध. रॉलीच्या विल्सन कॉलेज ऑफ टेक्सटाइल्समध्ये ‘पॉलिमर अँड कलर केमिस्ट्री’ अशी स्वतंत्र पदवी आहे. रंग हा तिथं टेक्सटाइल इंजिनिअरिंगमधला एखादा पेपर नाही, पदवीच्या नावातच आहे. त्याच कॉलेजात झाइस टेक्सटाइल्स एक्स्टेन्शन नावाचा विभाग आहे, तिथं सूतकताई, विणकाम, रंगाई आणि फिनिशिंगची यंत्रं आहेत, म्हणजे बीकरमधला प्रयोग मोठ्या यंत्रावर नेऊन बघायची सोय. अजून एक गोष्ट आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त बोलकी वाटते. नॉर्थ कॅरोलायना हे एकेकाळी गिरण्यांचं राज्य होतं. कॅनापोलिस नावाचं गाव टॉवेल आणि चादरींच्या गिरणीभोवती वसलं होतं. पिलोटेक्स ही तिथली कंपनी २००३ मध्ये बंद पडली, एका दिवसात चार हजारांहून जास्त लोक घरी बसले, आणि त्या राज्यात एका फटक्यात इतक्या नोकऱ्या तोवर कधी गेल्या नव्हत्या. गिरणीच्या जागेवर आता संशोधनाचं आवार उभं आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला त्या गावातली मुलगी, जिच्या गल्लीत माग भंगारात निघताना तिनं पाहिलेत, ती अशा राज्यात कापड शिकायला जाते याला अर्थ आहे. तो तुला पटला तर घे. पटला नाही तर केवळ मी सांगितलं म्हणून निबंधात घालू नकोस; उसना विचार दोन ओळींत उघडा पडतो.

आणि समजा पानावर तिन्ही रकाने मांडल्यावर तुझ्या लक्षात आलं की तुला हवं ते माटुंग्यात आहे? मग तसं घरी सांग. मला माहीत आहे, पैसे भरून झालेत, नातेवाइकांना सांगून झालंय, आता मागं फिरायचं म्हणजे सगळ्यांपुढं खाली बघायची वेळ. पण ‘आमच्याकडेच का’ याचं उत्तर मनापासून शोधूनही सापडत नसेल तर ते कॉलेज यादीतून काढायचं, हा त्या प्रश्नाचा मोठा उपयोग आहे. दहा-बारा कॉलेजांना अर्ज करणाऱ्या वाचकांनी हे जरूर करून बघावं. ज्या कॉलेजबद्दल एकही स्वतःचं वाक्य लिहिता येत नाही, तिथं अर्जाची फी कशाला भरायची?

मावशीबद्दल तू जे लिहिलंस त्यात अपराधीपणा दिसतो. तो सोड. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला परमुलखात पाठवताना हाकेच्या अंतरावर आपलं माणूस असावं असं आईवडिलांना वाटणारच, आणि तसं वाटण्यात कमीपणा कसला? पण हे घरच्यांच्या होकाराचं कारण झालं. तू तिथं वर्गात बसून काय करणार याचं ते उत्तर नाही, म्हणून त्याची जागा निबंधात नाही. ते लपवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. अडीचशे शब्दांत सगळं आयुष्य मावत नाही, त्यातलं प्रश्नाला लागू पडेल तेवढंच सांगायचं असतं.

पैशांचंही तसंच. निबंधात त्यावर शब्द घालवू नकोस, पण निबंधाआधी घरात त्यावर बोलणं व्हायला हवं, आणि तुझ्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही म्हणून मला काळजी वाटते. रॉलीचं विद्यापीठ राज्य सरकारचं आहे. अमेरिकेतली अशी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना घरच्या परिस्थितीकडे पाहून मदत सहसा देत नाहीत. घरची ऐपत न बघता परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देणारी आणि मग त्याची पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं थोडकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२ पासून डार्टमथ आणि बोडन, आणखी काही. तिथली चुरस भयंकर आहे आणि यातल्या बहुतेक ठिकाणी टेक्सटाइल हा विषयच नाही. तेव्हा एका वर्षाचा एकूण खर्च, राहणं-खाणं-विमा धरून, विद्यापीठाच्याच पानावरून काढ, चारनं गुण आणि पप्पांसोबत बसून बघ. खर्चीच्या धंद्यात मजुरीचा दर कधी पडेल याचा भरवसा नसतो हे त्यांना कुणी सांगायला नको. प्रवेश मिळून पैशांपायी जाता आलं नाही तर होणारं दुःख आत्ताच्या कडू बोलण्यापेक्षा फार मोठं असतं. तुझ्या मैत्रिणीलाही सांग, ‘अर्ली डिसिजन’ म्हणून अर्ज करायचा असेल तर तो बांधून घेणारा असतो. प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागं घ्यावे लागतात, आणि दोन ठिकाणची मदत शेजारी ठेवून तोलता येत नाही. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये तसं बंधन नसतं.

नमुना थोडा बदलून देऊ का, असं विचारतेस. नको. पकडली जाशील या भीतीनं म्हणत नाहीये, तरी तेही ऐकून ठेव: अर्ज पाठवताना हे लेखन माझं स्वतःचं आहे असं तू लिहून देतेस, आणि कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची सोय) हिच्या नियमांत आता एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणंही फसवणुकीतच मोजलं जातं. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तो नमुना देऊन प्रवेश मिळाला, तर तिथं पहिल्या कठीण महिन्यात, जेव्हा घर आठवेल आणि लॅबमधलं काही कळणार नाही, तेव्हा आपण इथं का आलो याचं स्वतःचं उत्तर तुझ्याकडं नसेल. कन्सल्टन्सीला पैसे दिलेत तर त्यांच्याकडून कागदपत्रं, बँकेची पत्रं, तारखा, व्हिसाची तयारी हे सगळं चोख करून घे. निबंध मात्र तुझा राहू दे.

असा निबंध लिहिणाऱ्या इतर मुलांसाठी थोडं. कॉमन ॲपचा जो मुख्य निबंध असतो, कमाल ६५० शब्दांचा, तो सगळ्या कॉलेजांना एकच जातो; त्यात कुठल्याही कॉलेजचं नाव येता कामा नये. ‘आमच्याकडेच का’ हे प्रत्येक कॉलेज वेगळं विचारतं, आणि मर्यादाही वेगळी असते, कुठं शंभर शब्द, कुठं पाचशेच्या वर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ही सरकारी युनिव्हर्सिटी हा प्रश्न विचारतच नाही. आठ प्रश्नांतले चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं. ब्रिटनला अर्ज करणाऱ्यांचं तर एकच निवेदन निवडलेल्या पाचही ठिकाणी जातं, म्हणून तिथं विद्यापीठ नव्हे, विषय का हवा ते सांगायचं. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन ठराविक प्रश्नांत विभागलेलं आहे, एकूण चार हजार अक्षरं. आणि अर्जदाराला आपल्याबद्दल किती उत्सुकता आहे याला कॉलेज महत्त्व देतं की नाही, हे ताडायची गरज नाही. अमेरिकेतली बरीच कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-७ या तक्त्यात हा मुद्दा स्वतंत्र ओळीत असतो, आणि त्यापुढं ‘महत्त्वाचा’ की ‘विचारात घेत नाही’ अशी खूण असते.

परत तुझ्याकडे. पहिला खर्डा मराठीत लिही, इचलकरंजीच्या मराठीत. आत्ता तू इंग्रजीत लिहायला बसलीस की आधी मोठे शब्द येतात आणि मग त्यांत बसेल असा अर्थ शोधावा लागतो. मराठीत तू मला तीन ओळींत जे कळवलंस त्यात एकही मोठा शब्द नव्हता आणि मला गच्ची दिसली. सुरुवात थेट बाटल्यांपासून कर, साधारण सत्तर-ऐंशी शब्द. मग तुला कळलेलं थोडं आणि न कळलेलं नेमकं काय ते. ‘ही बाटली निळीच का राहिली हे मला माहीत नाही’ असं लिहायला घाबरू नकोस. ज्याला सगळं माहीत आहे त्यानं कॉलेजला जायचं कशाला? उरलेले शंभरेक शब्द रॉलीचे, पण यादी नको. एखादा विषय, एखादी प्रयोगशाळा किंवा तिथल्या एखाद्या प्राध्यापकाचं काम, दोनच गोष्टी घे आणि त्यांच्याजवळ जाऊन तू काय करून बघणार आहेस ते सांग. प्राध्यापकाचं नाव घ्यायचं तर त्यांचं काम खरंच वाचून घे, निदान त्याचा सारांश तरी. वाचताना काही अडलं तर विभागाला सरळ मेल कर. प्रवेशाबद्दल काही विचारू नकोस, रंगाबद्दल विचार. उत्तर आलं तर तुला लिहायला आणखी मिळेल, नाही आलं तरी तुझं नुकसान काही नाही.

शेवटी ‘हे कॉलेज मला माझी स्वप्नं पूर्ण करायला मदत करेल’ असलं वाक्य येऊ लागलं की थांब. त्याच्या आधीच निबंध संपलेला असतो.

इंग्रजीत उतरवल्यावर मावशीला वाचायला दे, पण फक्त स्पेलिंग आणि व्याकरणासाठी. वाक्यं बदलायची नाहीत असं आधीच सांग. आणि मराठी खर्डा पप्पांना वाचून दाखव. इंग्रजी निबंध असल्यामुळं त्यांनी तो कन्सल्टन्सीवर सोडला असणार, पण सूत, रंग, प्रोसेस यांतलं त्यांना त्या पुण्याच्या ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. कुठं तू चुकीचं लिहिलं असशील तर ते लगेच ‘असं नसतंय ते’ म्हणतील. ते वाक्य तिथंच दुरुस्त कर, आणि मग पाठव.